तालीम-नोंद, आठवडा पाचवा: घड्याळाची किल्ली

गेल्या नोंदीत लिहिलं होतं की शेवटचा प्रवेश बसला. बसला नव्हता.

नव्यांसाठी थोडक्यात: आमची हौशी मंडळींची एकांकिका, तालमी बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका माडीवर, रात्री साडेआठनंतर. मी वडिलांचं काम करतोय. मुलगा वाडा विकायला निघालाय आणि शेवटी वडील म्हणतात, "बोलाव त्यांना. सही करतो." चार आठवडे मी या वाक्यावर रडत होतो. डोळ्यांत खरं पाणी यायचं, बघणाऱ्यांच्याही यायचं. मला वाटलं, साधलं.

सोमवारी ताईंनी, म्हणजे आमच्या दिग्दर्शिकेनं, ते रडणंच काढलं. "काका, प्रेक्षकांकडे पाठ करून भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली द्या. बारा फेरे. नवव्या फेऱ्यानंतर वाक्य. उरलेले तीन पुरे झाल्याशिवाय वळायचं नाही." कारण सांगितलं नाही. मला राग आला. फेरे मोजत दुःख कसं करायचं, असं विचारलंसुद्धा. त्या म्हणाल्या, "आठवडाभर माझ्यावर सोडा."

सोडलं. दोन दिवस फार वाईट गेले. फेरे सांभाळले की वाक्य निसटायचं.

बुधवारी आकडा हातात मुरला. वाक्य बोललो, तीन फेरे दिले, किल्लीची करकर थांबली. मुलाचं उत्तर येईना. वळून पाहिलं, तर मुलाचं काम करणारा पोरगा माझ्या हाताकडे बघत उभा. विसरला नव्हता. "उद्या बोलावू, बाबा?" हे त्याचं वाक्य चार आठवडे नोटीस वाचल्यासारखं यायचं. त्या रात्री ते तुटत आलं. मी रडत होतो तेव्हा त्याला करण्यासारखं काही उरतच नव्हतं, माझं संपायची वाट बघत तो उभा राहायचा. हे मला आतून कधीच दिसलं नसतं. ताई समोर बसून दोघांनाही बघत होत्या. आणि पोराचं कौतुक लिहून ठेवायलाच हवं: ऐकणं, हे एवढंच काम त्यानं केलं, आणि प्रवेश त्याचा झाला.

गुरुवारी तालीम नव्हती, म्हणून 'पेस्तनजी' हा चित्रपट पुन्हा पाहिला. दिग्दर्शन विजया मेहतांचं, जन्म १९३४, इथलाच, बडोद्याचा. नसीरुद्दीन शाह यांचा फिरोजशा मित्राच्या बायकोवरचं प्रेम मनातच ठेवून जगतो. या वेळी मी त्यांचा चेहरा सोडून हात, चालणं, बसणं बघत होतो. तुम्हीही तसा बघा.

एक बारीक गोष्ट. माझ्या बोलण्यातला गुजराती हेल मी घासून काढत होतो. ताई म्हणाल्या, राहू द्या, तीन पिढ्या बडोद्यात गेलेला माणूस असाच बोलणार. हे मात्र लगेच पटलं.

आता पुढचं काम. रोज बारा फेरे देता यावेत म्हणून आमच्या नेपथ्यवाल्यानं घड्याळातली स्प्रिंग सुटी केली आहे. करकर येते, पण किल्लीला ताण नाही. शेवटचे तीन फेरे जड जायला हवेत, तो जडपणा आता मनगटातून आणायचाय. शुक्रवारी दहावा जमला, अकरावा हलका गेला. घरी कपाटाच्या कुलपावर सराव चालू आहे.