शाळेच्या पत्त्यातली संख्या

शाळेच्या आठवणी बाकीचे लिहितीलच. गणिताच्या तासाचं देणं मी गणितानेच फेडतो. शाळेच्या पत्त्याच्या शेवटी जो पिनकोड येतो, कोल्हापुरातल्या ताराबाई पार्क-नागाळा पार्क भागाचा ४१६००३, तोच मूळ अवयवांत फोडायला घेऊ. कागद-पेन्सिल पुरे.

२, ३, ५ लगेच बाद. अंकांची बेरीज १४, आणि इथेच पोरं फसतात. १४ ला सातने भाग जातो, म्हणजे संख्येलाही जाणार! उत्तर योगायोगाने बरोबर, कारण साफ चूक. ५९ च्या अंकांची बेरीजही १४च. जातो का भाग? ही कसोटी फक्त ३ आणि ९ ची.

सातसाठी तीन-तीन अंकांचे गट करायचे. पिनकोडात ते आयतेच असतात: ४१६ हा टपालाच्या वर्गीकरणाचा जिल्हा, ००३ हे पोस्ट ऑफिस. वजाबाकी ४१३. हे का चालतं? १००१ = ७ × ११ × १३, आणि ४१६००३ म्हणजे ४१६ × १००१ वजा ४१३. तेव्हा ४१३ ला जे लागू, तेच सगळ्या संख्येला. ४१३ = ७ × ५९; ११ आणि १३ ने मात्र बाकी उरते. ही युक्ती १७ ला लावू नका. राजारामपुरीच्या ४१६००८ मध्ये वजाबाकी ४०८ येते, म्हणजे १७ × २४. पण संख्येला १७ ने भागलं की बाकी १ उरते.

सातने भागून राहिले ५९४२९. पुन्हा गट: ४२९ − ५९ = ३७०, सात संपला. २४४ चा वर्ग ५९५३६, म्हणून २४१ पर्यंतच्या मूळ संख्या तपासायची तयारी हवी. बहुतेक जण पन्नाशीच्या आसपास कंटाळून 'मूळ संख्या आहे' असं लिहून मोकळे होतात. त्यातच १९, ५३ आणि ५९ या तिघांनाही बाकी १६ येते, त्यामुळे वरची ओळच खाली उतरवली की काय, असं वाटतं. तसं नाही; ५९४२९ − १६ = १९ × ५३ × ५९, इतकंच. नेटाने पुढे गेलं की ६७ ला भाग पूर्ण जातो: ५९४२९ = ६७ × ८८७.

आता ८८७ साठी पुन्हा दोनपासून सुरुवात करणं म्हणजे फुकटची हमाली. ६७ पेक्षा लहान सगळ्या मूळ संख्या आधीच नापास झाल्यात आणि ६७ चा वर्ग ४४८९, म्हणून ८८७ मूळच.

४१६००३ = ७ × ६७ × ८८७. विभाजक आठ: १, ७, ६७, ४६९, ८८७, ६२०९, ५९४२९ आणि ती स्वतः.

शेजारचा ४१६००४, शिवाजी विद्यापीठाचा, दिसायला सोपा. २, २, ३ पटापट निघतात आणि उरतात ३४६६७. तिथे मात्र ५ पासून १८१ पर्यंत चाळीस मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं, आणि चाळिसाव्यालाही बाकी ९६ उरते.