कशाचं असतंय ते?

पहाटे पाचला विश्रामबागच्या कार्यालयात पोचले, तेव्हा नवरीच्या भांगाशी आणि कानामागं हळद तशीच होती. सांगलीची हळद, लावताना हात आखडता कोण घेतंय! केस रात्री धुतले होते, पण ओलेच वेणीत घालून झोपली होती. ओला केस ताणला जातो आणि तुटतो, हे मी प्रत्येक नवरीला आठवडाभर आधी सांगते. कुणी ऐकत नाही. कंबरेखाली जाणारे, एका मुठीत न मावणारे केस, आणि मुहूर्त 11.40 चा.

नाश्त्याला पोहे आले. त्यात ना कांदा ना बटाटा. जैन घर आहे हे मला ठाऊक होतं, साखरपुड्याची तयारीही मीच केली होती. तरी पोहे खाताना माझ्या डोक्यात काही आलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

नवरीला मधला भांग, पुढं एकदम चापून बसवलेले केस आणि मानेवर अंबाडा हवा होता. असलं काम माझ्या ब्रिसलच्या, म्हणजे राठ केसांच्या ब्रशनंच होतं. 1,800 रुपयांचा ब्रश आहे, मी तो कुणाच्या हाती देत नाही. लोक त्यानं गुंता सोडवायला जातात आणि मग 'केस तुटले' म्हणून रडतात. गुंता सोडवायचा मोठ्या दातांच्या कंगव्यानं, टोकाकडून वर वर येत. ब्रशची पाळी त्यानंतर, आणि तीही केस पूर्ण कोरडे असतील तरच. दाट केसांवर नुसत्या ब्रिसलचा ब्रश वरच्या वर सरकतो, आतल्या केसांना पत्ताही लागत नाही. त्यामुळं ब्रशवरचे झुबके विरळ हवेत, प्रत्येक झुबक्यात नायलॉनची एक लांब काडी हवी आणि खाली रबराची गादी हवी. दोन बोटं रुंदीची एकेक बट उचलायची आणि टाळूपासून टोकापर्यंत न थांबता उतरायचं. त्या ब्रिसलला आपल्या केसासारखेच बारीक खवले असतात. टाळूजवळचं तेल ते उचलतात आणि कोरड्या टोकांपर्यंत नेतात. चकाकी येते ती त्यानं, सिरमची बाटली ओतून नाही. दररोज शंभर वेळा ब्रश फिरवा म्हणून मोबाईलवर सांगणाऱ्या बायकांना मी एकदा हे केस विंचरायला बसवणार आहे.

डावी बाजू झाली. आजी कोपऱ्यात माळ ओढत बसल्या होत्या, त्या उठून जवळ आल्या.

"साखरपुड्याला माझं केस ह्यानंच विंचरलंवतंस न्हवं? लई मऊ लागलं बघ. मला एक आणून दे, पैसे देते. कशाचं असतंय ते?"

"नॅचरल असतंय, आजी."

"म्हंजे झाडाचं?"

चूक त्यांची नव्हती. डब्यावर हिरवं पान छापलंय. कोर्सला आम्हाला सहा महिने 'नॅचरल ब्रिसल, नॅचरल ब्रिसल' शिकवलं. कुठल्या प्राण्याचं, हे बाईंनी एकदाच सांगितलं आणि वर्गात हशा पिकला. होलसेलवाल्याला विचारलं तर तो "ओरिजिनल आहे मॅडम" एवढंच म्हणतो. ओरिजिनल आहे का, ते मीच बघते. एक केस उपटून काडीपेटीवर धरायचा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटात चुरली, तर खरा. वितळून टोकाला मणी झाला, तर नायलॉन. माझा ब्रश खरा निघाला तेव्हा मी खूश झाले होते.

"हो" म्हणायला एक सेकंद पुरला असता. नुसती सहज म्हणून चौकशी असती तर म्हणालेही असते, मला माझी खात्री नाही. पण त्या विकत मागत होत्या. खोटं बोलले असते तर तो ब्रश त्यांच्या देवघराशेजारच्या फणीच्या डब्यात जाऊन बसला असता.

"डुकराचं असतंय, आजी."

नवरीनं आरशातून माझ्याकडं पाहिलं. आजींचा हात माळेवर थांबला.

"माझ्या डोक्यावरनं पण तेच फिरवलंस?"

"हो."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आधी सांगायचं होतंस गं पोरी." आवाज चढला नाही. नवरीची आई बाहेर पाहुण्यांत होती, तिला त्यांनी हाक मारली नाही. "आता त्यानं नको. उरकून घे, वेळ होतोय."

उजवी बाजू नायलॉनच्या ब्रशनं केली. भांगाजवळच्या उडत्या केसांना नव्या टूथब्रशवर जेल घेऊन बसवलं. 1938 साली नायलॉन येईपर्यंत टूथब्रशही बहुतेक डुकराच्याच केसांचे असत. हे मला आठवलं, पण मी तोंड उघडलं नाही. बाजू जमली, फोटोंतही कुणाला फरक दिसला नसेल. मला दिसतो. उजवीकडं कपाळाजवळ केस किंचित भुरभुरलेत.

निघताना पैसे पूर्ण मिळाले. आजींच्या पाया पडायला वाकले, तर त्या एक पाऊल मागं सरकल्या. सोवळं म्हणून की राग म्हणून, मला कळलं नाही. मग मुलाला सांगून लाडवांची पिशवी गाडीत ठेवायला लावली.

आता मी ब्रश काढायच्या आधी सांगते. बहुतेक जणी हसतात, "खायचाय थोडाच!" दोघींनी नको म्हटलं. एकजण चिडली, गेल्या तीन वर्षांचं काय म्हणून. तिला उत्तर देता आलं नाही. तेव्हाही मला माहीत होतं, फक्त कुणी विचारलं नव्हतं.

परवा नवरीचा मेसेज आला. "आजी विचारतेय, झाडाचा मिळाला का?"

लाकडी काड्यांचा आणि घायपाताच्या धाग्यांचा एक ऑनलाइन मागवलाय. घायपात म्हणजे आपल्या बांधावरचं, दोरखंड वळायचं तेच. आठवडाभर माझ्याच केसांवर चालवतेय. काड्यांनी केस मोकळे होतात, टाळूला बोचत नाही, पण ती चकाकी काही येत नाही. तिला तेवढंच लिहून पाठवलं.