रोमन इतिहासाचे छाप, नोंद 3: खालचा समास

ल्युशियस ब्रूटसने (सीझरला मारणारा तो वेगळा) रोमचे राजे हाकलले, पुढे राजा परत आणू पाहणाऱ्या स्वतःच्या मुलांना देहदंड दिला. ही गोष्ट राजाही भिंतीवर लावतो आणि राजाचं डोकं मागणारेही. कोण कुणाला काय सांगतंय ते चित्रापेक्षा खालच्या समासात जास्त कळतं, म्हणून या खेपेला फक्त अक्षरं.

छाप म्हणजे कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून कागदावर उमटवलेलं चित्र. फ्रेंच छापावर 'ए.पी.डी.आर.' असेल तर तो राजाच्या परवान्याने निघालेला. 'बिब्लिओतेक नास्योनालमध्ये (राष्ट्रीय ग्रंथालयात) जमा' असं असेल तर 19 जुलै 1793 च्या कायद्यानंतरचा. त्यात दोन प्रती जमा करणं आलं. 'नास्योनाल'च्या जागी 'अँपेरियाल' (सम्राटाचं) दिसलं की 1804 च्या पुढे या. नावाआधी 'सितोयाँ' (नागरिक) म्हणजे क्रांतीचा काळ; तारखेत 'आँ 2' (क्रांतीच्या पंचांगाचं वर्ष दुसरं) म्हणजे सप्टेंबर 1793 ते सप्टेंबर 1794. इंग्लिश छापांचं काम सोपं: 1735 च्या कायद्यामुळे प्रकाशनाची तारीख तिथेच कोरलेली मिळते.

घोळ होतो तो जुना पत्रा पुन्हा वापरला की. फ्रेंच राज्यक्रांतीत सरदारांची कुलचिन्हं आणि अर्पणाच्या ओळी खरवडून नवी अक्षरं कोरली जात. 10 पट भिंग घ्या, टॉर्च अगदी आडवा धरा. पत्रा खरवडलेला असेल तर तिथे करडा डाग आणि जुन्या रेषांचे पुसट अवशेष दिसतात, नवी अक्षरं शेजारच्या झिजलेल्या रेषांपेक्षा काळीभोर. आता कागद उजेडासमोर धरा. तेवढाच भाग पातळ दिसला तर पत्रा नाही, कागद खरवडलाय. ते नंतरच्या कुणा मालकाचं काम, छापाची वेगळी अवस्था (पत्र्यात बदल करून काढलेली आवृत्ती) म्हणून नोंदवू नका.

तारीख इतकी का महत्त्वाची, याला चित्रकार दाविदचा ब्रूटस बघा: मारलेल्या मुलांची प्रेतं घरी आणली जातात, तो प्रसंग. चित्र राजाच्या सरकारच्या मागणीवरून काढलेलं, 1789 च्या सालोंमध्ये (पॅरिसचं चित्रप्रदर्शन) लागलं ते बास्तीय तुरुंग क्रांतिकारकांच्या हाती पडल्यावर. नोव्हेंबर 1790 मध्ये व्हॉल्तेअरच्या 'ब्रूटस' नाटकाच्या शेवटी नटांनी चित्रातलीच मांडणी रंगमंचावर उभी केली. चित्रावर कुंचल्याचा एक फटकाही नवा नव्हता, अर्थ मात्र काळाने बदलला!

समास कापलेला छाप स्वस्त पडतो, पण यातलं काहीच त्याच्यावर उरत नाही. मागून बोट फिरवा. पत्र्याच्या कडेचा उंचवटा चारही बाजूंना लागला पाहिजे. खाली लागला नाही तर अक्षरं गेलीच.

पुढची नोंद कोरक कुनेगोने 1768 मध्ये चित्रकार हॅमिल्टनच्या चित्रावरून कोरलेल्या ब्रूटसच्या शपथेवर: खंजीर धरून राजे हाकलण्याची शपथ. तिथे आधी खंजीर कोणत्या हातात आहे ते मूळ चित्राशी ताडायचं, कारण आरसा न वापरता कोरलं की छाप उलटा उमटतो.