फोटोचे पान

पुण्यातील एका सेमिनरीत विद्यार्थी साहाय्याचे काम मी अकरा वर्षे पाहत आहे. पाळकपणाचे शिक्षण घेणाऱ्यांना आम्ही पैसे देतो म्हटले की बाहेरच्यांना वाटते, मुलाखतीत आम्ही त्यांची श्रद्धा तपासत असू. ते काम प्रवेश समितीचे आहे. आमच्या खोलीत घरची गाय किती दूध देते, त्यातले डेअरीला किती जाते आणि बहिणीच्या लग्नाचे कर्ज कोणाकडून काढले, याचीच चर्चा होते. तहसील कार्यालयाच्या उत्पन्नाच्या दाखल्यावरचा माझा विश्वास केव्हाच उडाला आहे, कारण त्यावर ऊसतोड कामगाराचे आणि दोन बोअर असलेल्या बागायतदाराचे उत्पन्न अनेकदा एकाच आकड्यात येते. म्हणून गाय विचारावी लागते.

गेल्या जूनमधील एका मुलाखतीबद्दल लिहायचे आहे, पण पैसे कोठून येतात हे सांगितल्याशिवाय त्या दिवशीचा पेच कळणार नाही. आमच्याकडे बी.डी.चा, म्हणजे धर्मशास्त्राच्या पदवीचा, अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे आणि विद्यार्थी वसतिगृहातच राहतो, त्यामुळे मेसचा खर्च शिक्षणशुल्काच्या बरोबरीने चालतो. एक तृतीयांश खर्च विद्यार्थ्याने करावा, एक तृतीयांश त्याला पाठवणाऱ्या मंडळीने, म्हणजे त्याच्या चर्चने, द्यावा आणि उरलेला आम्ही उभा करावा, असा नियम आहे. मिझोरामच्या मुलांचा मंडळीचा वाटा सत्र सुरू होण्याआधीच खात्यात जमा झालेला असतो. तिकडे १९१० पासून ‘बुहफाई थाम’ ही प्रथा आहे: दर स्वयंपाकाच्या वेळी घरातील बाई मूठभर तांदूळ बाजूला काढते आणि तो गोळा करून विकला की मंडळीचा निधी उभा राहतो. आमच्या मराठी मंडळ्या गरीब आहेत हे मान्य, पण मिझो खेडीही काही सधन नाहीत. आमच्याकडे शिफारसपत्र दोन पानी, ठसठशीत शिक्क्याचे येते आणि पैसे मात्र हंगामाच्या सणाला भोपळ्या-कोंबड्यांच्या लिलावातून जे जमतील ते, तेही माझ्या तिसऱ्या स्मरणपत्रानंतर.

ही तूट पूर्वी परदेशातील लहान लहान मंडळ्या भरून काढत. त्या एका ट्रस्टकडे रक्कम पाठवत आणि तो ट्रस्ट आमच्यासारख्या संस्थांना ती वाटून देई. २०२० मध्ये परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्यात, म्हणजे ज्याला सगळे एफसीआरए म्हणतात त्यात, दुरुस्ती झाली आणि एका संस्थेने परदेशातून आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला देणे बंद झाले. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली आणि असा पैसा घेण्यासाठी दिल्लीत संसद मार्गावर असलेल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच खाते असणे सक्तीचे झाले. ते खाते उघडण्यासाठी विश्वस्तांच्या सह्या आणि कागदपत्रे गोळा करत मी जे महिने घालवले त्यांचे वर्णन येथे नको. खाते झाले, लहान मंडळ्या मात्र या सगळ्यात गळाल्या. उरल्या त्या मोठ्या संस्था, ज्यांच्याकडे पैसा आहे, कर्मचारी आहेत आणि छापील अर्ज आहेत.

त्यांपैकी एक संस्था आमच्या एकोणीस विद्यार्थ्यांचा भार उचलते. तिचा अर्ज नऊ पानांचा आहे. पहिली सहा पाने कोणालाही भरता येतील अशी आहेत. सातव्या पानावर विद्यार्थ्याचा कुटुंबासह, राहत्या घरासमोर काढलेला फोटो लावायचा असतो. आठव्या पानावर साक्ष लिहायची: कुटुंब प्रभूकडे कसे वळले, कोणते अडथळे आले, देणगीमुळे काय बदलेल. नवव्या पानावर हा सगळा मजकूर छापण्यास आणि संकेतस्थळावर टाकण्यास संमती. फोटोसाठी वेगळे सूचनापत्रक असते आणि त्यात कपडे ‘नेहमीचे’ असावेत असे स्पष्ट म्हटलेले असते. उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू नये, हे वचन आमच्या कार्यालयात कोणी लावलेले नाही. तिथे या संस्थेचे कॅलेंडर असते, दर महिन्याला एक कुटुंब.

त्या दिवशी अकरावी मुलाखत दुसऱ्या वर्षात गेलेल्या एका मुलीची होती. वडील ऊसतोडीला जातात, आई गावातच मोलमजुरी करते. मुलगी हिब्रूत वर्गात पहिली. असे विद्यार्थी आले की समिती सैल बसते, प्रश्न औपचारिक होतात. मी अर्ज चाळला तर सातवे, आठवे आणि नववे पान कोरे होते.

“मॅडम, ही तीन पानं मी भरणार नाही,” ती म्हणाली. “बाकी काय विचारायचं ते विचारा.”

कारण तिने न विचारताच सांगितले. तिचा आणि आईचा बाप्तिस्मा तीन वर्षांपूर्वी झाला. वडिलांचा झालेला नाही, धाकट्या भावाचाही नाही. भाऊ बारावी सायन्स झाला होता, सीईटी दिली होती आणि इंजिनीअरिंगच्या प्रवेशासाठी त्याचे जात वैधता प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे अडकले होते. घर मांग समाजाचे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशातील तिसऱ्या परिच्छेदानुसार हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणाऱ्याला अनुसूचित जातीचे समजले जात नाही. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यातून वाट मिळाली. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात धरतात. म्हणजे एकाच घरात, एकाच चुलीवर जेवणारी बहीण एका यादीत आणि भाऊ दुसऱ्या, आणि दोघेही कायद्याने बरोबर. भावाने काहीही लपवलेले नव्हते. पण जात पडताळणीचे दक्षता पथक घरी येते, शेजाऱ्यांना विचारते, चालीरीती पाहते. ‘आमचे कुटुंब प्रभूकडे कसे वळले’ अशा मथळ्याखाली त्याच घरासमोर उभ्या असलेल्या त्याच मुलाचा फोटो कोणी त्या पथकापुढे ठेवला, तर पुढची दोन वर्षे तो कॉलेजऐवजी सुनावण्यांना हजर राहील.

आमचे डीन सज्जन आहेत, पण विद्यार्थ्याच्या भित्रेपणाचा वास त्यांना फार लवकर येतो. त्यांनी विचारले, “साक्ष द्यायला लाज वाटते का तुला?”

“सर, गावात सगळ्यांना माहीत आहे. मी तिथं पारावर बसून साक्ष दिली आहे. दक्षता पथकानं विचारलं तरी आई आणि मी खरंच सांगणार. पण भावाच्या वतीनं साक्ष मी कशी देऊ? त्यानं दिलेलीच नाही.”

डीन गप्प झाले. मग तिने पिशवीतून प्लास्टिकच्या वेष्टणातले स्वतःचे जातीचे प्रमाणपत्र काढून टेबलावर ठेवले. ते बाप्तिस्म्याच्या आधीचे, अकरावीत असताना काढलेले होते आणि नंतर तिने ते कोठेही वापरले नव्हते. “हे परत करायचं असतं का?” तिने विचारले. चार पदव्युत्तर माणसे त्या कागदाकडे पाहत बसली. शेवटी बर्सर, म्हणजे आमचे खजिनदार, म्हणाले की ते घरीच नीट ठेव, आणि चहा मागवला.

ती बाहेर गेल्यावर प्राचार्य, जे मंडळीचा इतिहास शिकवतात, म्हणाले की कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली पाच वर्षे त्या घराने ‘कुटुंबाचा धर्म’ या रकान्यात काय लिहिले असते? प्रश्न नेमका होता. प्राचार्यांना इतिहास नेहमीच नेमका आठवतो आणि निर्णय ते नेहमीच माझ्याकडे सरकवतात.

त्या संध्याकाळी मी देणगीदार संस्थेच्या अधिकारी बाईंना सविस्तर पत्र लिहिले. जातीचा कायदा परदेशातल्या माणसाला दोन परिच्छेदांत समजावून सांगणे किती अवघड आहे हे ज्याने केले आहे त्यालाच कळेल. मला चार मसुदे लागले. दोन दिवसांनी त्यांचे उत्तर आले. ते मनापासून लिहिलेले होते. नाव बदलता येईल, त्या म्हणाल्या, गावाचे नाव वगळता येईल, पण फोटो आणि साक्ष धोरणानुसार आवश्यक आहे, कारण देणारी माणसे साधी आहेत आणि आपण कोणाला मदत करतो हे त्यांना पाहायचे असते. मला त्यांचा राग आला नाही. आमच्या माजी विद्यार्थ्यांनाही वार्षिक अंकात फोटो नसला की वाईट वाटते.

उपाय मी शोधला, आणि त्याचा तेव्हा मला थोडा अभिमानही वाटला. माजी विद्यार्थी आणि पुण्यातील दोन मंडळ्या मिळून आमचा एक लहान रुपयांतला निधी चालवतात. त्यात सहाच जागा आहेत, रक्कम कमी असते, पण अर्ज एका पानाचा आहे. सहाही जागा भरलेल्या होत्या. त्यांपैकी एक नाशिक जिल्ह्यातील मुलाकडे होती. त्याचे घर तीन पिढ्यांचे ख्रिस्ती आणि लपवण्यासारखे काही नाही. त्याला परदेशी निधीत हलवायचे आणि मुलीला त्याच्या जागी घ्यायचे. मुलगा आनंदाने तयार झाला, कारण त्याला पैसे जास्त मिळणार होते. मुलीला उरलेली रक्कम ग्रंथालयात रोज दोन तास काम करून भरावी लागणार होती. तीही तयार झाली.

राहिला फोटो. मुलगा सुट्टीत घरी होता, मुदत दोन दिवसांची होती, म्हणून मी व्हिडिओ कॉलवर थांबले आणि त्याचा चुलतभाऊ फोटो काढू लागला. अंगण झाडून सारवलेले होते. त्याची आई हिरव्या रेशमी साडीत, केसात फूल माळून, दारात उभी होती. साडी मोठ्या मुलीच्या लग्नातली होती, हे तिनेच सांगितले. माझ्यासमोर सूचनापत्रक होते. असा फोटो गेला तर अर्ज परत येतो, हे मी पूर्वी दोनदा अनुभवले आहे. मी म्हटले, “काकू, रोजच्या साडीत या.” त्यांना नीट ऐकू आले नाही, म्हणून मुलाला ते पुन्हा सांगावे लागले. त्या आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा साडीबरोबर केसातले फूलही काढलेले होते; ते काढायला मी सांगितले नव्हते.

मुलीच्या भावाला ऑगस्टमध्ये वैधता प्रमाणपत्र मिळाले. पथक घरी येऊन गेले होते, आणि तिने व आईने जे खरे तेच सांगितले. ती आता ग्रंथालयात हिब्रूच्या शब्दकोशांचे कपाट लावते आणि डीन तिच्याशी जरा जास्तच अदबीने बोलतात. समितीच्या इतिवृत्तात या प्रकरणाची नोंद ‘निधी बदल, दोन विद्यार्थी’ एवढीच आहे.

डिसेंबरात नवे कॅलेंडर आले. मार्चच्या पानावर नाशिककडचे ते कुटुंब आहे. काकू विटक्या साडीत उन्हाने डोळे बारीक करून उभ्या आहेत. एक प्रत मी घरी पाठवली. आठवड्याने त्यांचा फोन आला. आधी सगळ्यांची खुशाली विचारली, मुलगा नीट जेवतो का ते विचारले.

“मॅडम, हिरव्या साडीतला पण पोरानं काढला होता की आधी. तो नाही का चालला?”

मी म्हटले, “त्याचा आकार जुळला नाही, काकू.”