वस्तरा अपडेट ३ : घोळ १००० च्या पथरीवरच होता

मागच्या खेपेला सांगितलं होतं की ८००० च्या पथरीवर (आकडा जितका मोठा तितकी पथरी बारीक) शंभर शंभर स्ट्रोक मारूनही वस्तरा केस ओढतोच, कापत नाही. तेव्हा माझा सगळा संशय ८००० च्या पथरीवर, म्हटलं आता १२००० ची घ्यावीच लागते, पैसेही बाजूला काढून ठेवले होते. बरं झालं घेतली नाही.

झालं असं की सोनार वापरतात तसं १०x चं भिंग हाती आलं. धारेच्या दोन्ही बाजूंना काळा मार्कर फासला, १००० वर हलक्या हातानं पाच-सहा वेळा ओढला आणि सकाळच्या उन्हात पाहिलं तं टोकाकडची शाई गेली, मुठीकडचीही गेली, मधल्या दीड इंचात मात्र धारेपाशी काळी रेघ जशीच्या तशी! म्हणजे मधे बेव्हल, म्हणजे पथरीवर घासून धारेला पडणारा उतार, धारेपर्यंत पोचलाच नव्हता आणि मी दोन महिने वरच्या पथरीवर नुसती पॉलिश करत बसलो होतो. वस्तऱ्याचं एक बरं असते, पाठ आणि धार दोन्ही पथरीवर टेकवले की कोन आपोआप बसते, माझ्या ५/८ इंच रुंद पात्याच्या वस्तऱ्याचा १६ अंशांच्या आसपास येतो. पण त्यासाठी पथरी सपाट पाहिजे ना. माझ्या पथरीवर आधी विळे अन् कात्र्या घासलेल्या, मधे खोलगट झालेली, आणि ती ३ इंच रुंद म्हणून मी वस्तराही सरळच ओढायचो, त्यामुळे मधला भाग कायम अधांतरी.

मग जाड काचेवर २२० चा वॉटर पेपर टाकला, पथरीवर पेन्सिलनं चौकटी आखल्या आणि पाणी टाकत घासत बसलो. कडेच्या रेघा दोन मिनिटात गेल्या, मधल्या जायला अर्धा तास लागला, हात भरून आले. आता दर वेळी बसायच्या आधी दहा-वीस घासे मारतो.

त्यानंतर १००० वर पुन्हा पहिल्यापासून. आमच्या गावातल्या सलूनवाल्या काकांनी बाजूला बसून पाहिलं. त्यांच्या दुकानात आता अर्ध्या ब्लेडचाच वस्तरा चालते, पण जुन्या काळात रोज पाजवलेला माणूस. मी दोन बोटं दाबून घासत होतो तं म्हणाले, "काहून दाबून राहिला बे? तो काय विळा हाय? त्याच्या वजनानंच चालू दे." ते दोन पथऱ्या एकमेकीवर घासून सपाट करायचे म्हणे. काच-पेपरचा खर्चच नाही.

तर आता असं करतो, १००० वर मनगटाचे केस टोकापासून मुठीपर्यंत सगळीकडे सारखे उडेपर्यंत पुढं जायचंच नाही, मग ते चाळीस स्ट्रोक लागो की दोनशे. ४००० आणि ८००० वर धार पुढं ठेवून, ओढता ओढता टोकाकडे तिरपं सरकवत, शेवटी दाब शून्य. आणि शेवटी धार साफ करायच्या चामड्याच्या पट्ट्यावर उलटं, पाठ पुढं, धार मागं. उलटवताना वस्तरा पाठीवर लोळवायचा, धारेवर नाही, हे मी एकदा विसरलो आणि पट्ट्याला एक इंचाची चीर पाडली. नवीन पट्टा सागवानाच्या फळीवर चिकटवला, लोंबता ठेवला की माझा हात ढिला पडते आणि धार गोल होते. आधी कापडावर वीस हात, मग चामड्यावर पन्नास.

आता पाण्याचं. आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं, बोअरचं पाणी इतकं खारट की साबणाला फेस येत नाही. त्याच पाण्यानं धुवून वस्तरा खिडकीत ठेवला तं सकाळी धारेजवळ तांबडे ठिपके. पाठीवरचा गंज पुसून जाते हो, पण धारेवरचा गेला तरी भिंगातून खड्डे दिसतात आणि तेच दाढीत टोचतात, पुन्हा १००० वर जाणं आलं. म्हणून पथरीला आणि धुवायला पिण्याच्या नळाचं पाणी, पावसाळ्यात पत्र्यावरून धरलेलं. नंतर कोरडा पुसून, दोन तास उघडाच ठेवून मग तेल.

तेलाचेही प्रयोग झाले. आईनं जवसाचं दिलं, आठ दिवसात वॉर्निशसारखा चिकट थर बसला, जवसाचं तेल सुकते हे माझ्याही ध्यानात नव्हतं. खोबऱ्याचं हिवाळ्यात थिजते. शिलाई मशीनचं पातळ तेल एक थेंब, बस, तेच टिकलं.

चौदा दाढ्या झाल्यात आतापर्यंत. गालावर लोण्यासारखा जातो, हनुवटीखाली उलट्या केसांत अजून अडते, तिथं माझा हात चुकतो की धार हे कळून नाही राहिलं. दुसऱ्या पट्ट्यावर हिरवा क्रोम ऑक्साईड, म्हणजे धारेला पॉलिश करायची बारीक पूड, चोळून ठेवलाय, अर्ध्या मायक्रॉनचा. पंधरावी दाढी त्यावर दहा हात मारून करीन, पण आधी मधल्या दीड इंचाला पुन्हा मार्कर लावून पाहतो.