ट्रॅकरची तिसरी वायर
गाडीतला ट्रॅकर किमान ४ उपग्रहांच्या सिग्नलवरून आपली जागा स्वतःच काढतो आणि सिमकार्डच्या डेटावरून सर्व्हरला कळवतो. उपग्रहाला आपली गाडी ठाऊकही नसते! त्यामुळे मोबाइलची रेंज गेली की नकाशावर गाडी थबकते. बरीच यंत्रं नोंदी साठवून नंतर पाठवतात.

खरा घोळ वायरिंगमध्ये होतो. बहुतेक यंत्रांत लाल वायर फ्यूज घालून बॅटरीच्या प्लसला, काळी बॉडीला; तिथला रंग खरवडा, नाहीतर अर्थिंग कच्चं राहतं. तिसरी इग्निशनची, म्हणजे चावी फिरवल्यावरच वीज येते त्या तारेला. घाईत तीही थेट प्लसला जोडली, तर बंद गाडी चालू दिसते, यंत्र झोपत नाही आणि उभ्या गाडीची बॅटरी उतरते. त्या तारेला मल्टिमीटर लावून बघाच: चावी फिरवल्यावर साधारण १२ व्होल्ट, काढल्यावर शून्य.

डबा डॅशबोर्डच्या प्लास्टिकखाली, अँटेना आकाशाकडे. वर पत्रा नको.