विटके रंग

उन्हाळ्यात रानातली कामं संपली की आमच्याकडे ट्रंका उघडतात. रब्बीची ज्वारी घरात आलेली असते, दुपार सरता सरत नाही, आणि ओसरीवर जुन्या लुगड्यांचा ढीग पडतो. वाकळ शिवायची असते. नक्षी कोणती घ्यायची, हे हल्ली मोबाइलला विचारतात. तिथल्या गोधड्या इतक्या देखण्या, की अंथरून झोपायचा धीर होऊ नये. त्या बघून नवं कापड आणलं, चौकोन कापले, जोडले, तर काम सुबक होतं यात वाद नाही. पण लाल अंगावर येतो, पिवळा डोळ्यांत घुसतो.

जुन्याचं तसं नसतं. आईचं इरकल, आजोबांचं धोतर, कुणाचा तरी शाळेचा सदरा, सगळं एकाच हौदाच्या पाण्यानं धुतलेलं आणि मराठवाड्याच्या उन्हात एकाच दोरीवर वाळलेलं. अशी वर्षं गेली की रंगांचा ताठा उतरतो. विटका जांभळा विटक्या हिरव्याशेजारी बसवावा, दोघं नांदतात. म्हातारपणी सासू-सुना नांदतात तशी. म्हणून मी आधी नक्षी ठरवत नाही. ढीग उपसते, तुकडे जमिनीवर मांडते, सरकवते. एखादा काठ लांब निघाला तर तो चौफेर फिरतो, आखूड निघाला तर मधे चौकट होते. आत चिरगुटं पसरायची, दोरा कडेपासून आत आत न्यायचा. मधे एखादं नायलॉनचं फडकं शिरलं की थर सरकतात. "ते काढ बाई आधी," असं म्हणणारी एक तरी मावशी शेजारी बसलेलीच असते.

काही बघून यायचंच असेल तर अजिंठ्याला जावं आणि मान वर करावी. लोक भिंतीवरचा पद्मपाणी बघतात आणि निघतात. पण त्याच १ क्रमांकाच्या लेण्याचं छत चौकटी-चौकटींत रंगवलंय. कुठे फुलं, कुठे फळं, कुठे प्राणी. रंग गेरूचे, पिवळ्या-हिरव्या मातीचे, आणि दीड हजार वर्षांत आणखी मऊ झालेले. मान दुखेपर्यंत बघितलं तरी मला ती पसरलेली वाकळच वाटते. पैठणीच्या पदरावरचे मोर-पोपट सुंदर, हिमरूची वेलबुट्टीही सुंदर. पण ते विणणाऱ्याचं काम. आपल्या हातात धावदोरा.

गंगाखेडच्या जनाबाईची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. पहाटे घाईघाईत विठ्ठल आपला शेला विसरला आणि जनीची वाकळ पांघरून देवळात गेला. घाईत झालं म्हणतात. मला नाही तसं वाटत. शेला देवळात रोजचाच.

आता पंचाईत वेगळीच आहे. कपाटात सगळ्या पॉलिएस्टरच्या साड्या. कितीही धुवा, त्यांचा गुलाबी तसाच टणक, आणि घाम काही शोषत नाही. सुती म्हणून घरात उरलाय तो गाऊन. फुलाफुलांचा, खिशाजवळ हळदीचे डाग पडलेला. पण विटतो मात्र झकास, अगदी लुगड्याच्या वळणावर जातो. म्हणून गल्लीत सांगून ठेवलंय, जुने गाऊन बोहारणीला द्यायच्या आधी मला दाखवा. पातेलं मी देते.